प्रिय पक्या, आधी मराठीत सांग

छत्रपती संभाजीनगर
रविवार, दुपार

प्रिय पक्या,

स. न. वि. वि.

तुझा लांबलचक मेसेज परवा रात्रपाळीत वाचला. चांगलाच पेटलेला दिसतोस. तुमच्या औषधांच्या प्लँटमधल्या क्यूएच्या (गुणवत्ता विभागाच्या) मॅडमनी तुझं डेव्हिएशन, म्हणजे ठरल्याबाहेर काय घडलं त्याचा अहवाल, पुन्हा परत पाठवलं, वर 'प्लीज इम्प्रूव्ह लँग्वेज' असा शेरा मारला, आणि तू तडक '३० दिवसांत फाडफाड इंग्रजी'वाल्या क्लासची फी विचारून आलास. भरली नसशील तर थांब जरा. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हा कागदाचा प्रपंच.

तुझा मसुदा समोर ठेवलाय, ओला माल वाळवणाऱ्या एफबीडीचा (गरम हवेच्या ड्रायरचा). बॅच नंबर आणि प्रॉडक्टचं नाव खोडून पाठवलंस हे बरं केलंस. तू लिहिलंयस: 'ड्यू टू सम टेक्निकल प्रॉब्लेम एफबीडी वॉज नॉट वर्किंग प्रॉपरली. सेम वॉज रेक्टिफाइड ॲण्ड प्रोसेस वॉज कंटिन्यूड.'

आता यात व्याकरणाची चूक दाखव बरं. 'सेम वॉज' हे सरकारी पत्रांतून आपल्या हाडीमाशी खिळलेलं इंग्रजी सोडलं, तर काही नाही. क्लासवाला यावर दहापैकी आठ मार्क देईल. पण वाचणाऱ्याला कळतं काय? कसला प्रॉब्लेम? किती वाजता? दुरुस्त कुणी केलं, काय केलं? आणि सगळ्यात मोठा प्रश्न, तेवढ्या वेळात आतल्या ओल्या मालाचं काय झालं?

गेल्या आठवड्यात फोनवर मात्र तूच मला सांगत होतास, 'अरे, पावणेतीनला बघतो तर इनलेटचं टेम्परेचर साठवरून अठ्ठेचाळीसवर. स्टीमचा व्हॉल्व्ह अडकलेला. ब्लोअर बंद केला, माल बाऊलमध्येच ठेवला, मेंटेनन्सच्या पोराला उठवून आणला. सव्वातीनला परत चालू. वाळल्यावर एलओडी (उरलेला ओलावा) काढला तर २.१, लिमिटमध्ये.' पक्या, डेव्हिएशन म्हणजे हेच की रे! वेळ आहे, आकडा आहे, कारण आहे, केलं काय ते आहे, माल कुठे होता तेही आहे. लिहायला बसलास आणि सगळं गायब. इंग्रजी कच्चं म्हणून गायब झालं असं मला वाटत नाही. इंग्रजीत लिहायचं म्हटल्यावर तू 'ऑफिशियल' लिहायला बसलास, म्हणून झालं.

तेव्हा पुढच्या वेळी आधी कच्च्या वहीत मराठीत लिही, मला फोनवर सांगतोस तसं. मग एकेक वाक्य उचल. 'ॲट ०२:४५, इनलेट एअर टेम्परेचर ऑफ एफबीडी ड्रॉप्ड फ्रॉम ६० डिग्री टू ४८ डिग्री.' हे आठवीतल्या पोरालाही जमेल. 'ब्लोअर वॉज स्टॉप्ड. वेट मटेरियल वॉज केप्ट इन द बाऊल फ्रॉम ०२:४५ टू ०३:१५.' पुढे व्हॉल्व्ह कुणी सोडवला, त्याचा वर्क ऑर्डर नंबर काय, एलओडी किती आला आणि लिमिट किती. झालं. मेंटेनन्सवाल्याला झोपेतून उठवलंस हे लिहायचं की नाही ते तुझं तू बघ, पण त्याला बोलावल्याची आणि तो आल्याची वेळ मात्र लिही. (बॅच रेकॉर्ड तेवढं जागच्या जागी, काम होईल तसंच भरायचं. कच्चा कागद डेव्हिएशनच्या वर्णनापुरता. लाइनवरचे आकडे चिठोऱ्यावर टिपून नंतर उतरवताना सापडलास तर ते वेगळंच लचांड.)

मॅडमवर एवढा का तापलास? त्यांचा शेराही तुझ्या वाक्यासारखाच आहे, 'लँग्वेज सुधारा' म्हणजे नेमकं काय सुधारा ते त्यांनी कुठे सांगितलंय? पण त्यांना छळतंय काय ते मला कळतं. हा कागद वाचणारा माणूस त्या रात्री तिथे नव्हता. आज त्या वाचतील, उद्या क्यूए हेड, आणि दोन वर्षांनी अमेरिकेहून आलेला एफडीएचा, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेचा, इन्स्पेक्टर शंभर फायलींमधून नेमकी हीच काढेल. त्याला तुझा एफबीडी माहीत नाही, तुझा चेहरा माहीत नाही. आहेत ती दोन वाक्यं. तो विचारेल, 'प्रॉपरली म्हणजे काय?' आणि तेव्हा तू कदाचित ती नोकरी सोडूनही गेला असशील. मग जाताना तो फॉर्म ४८३ वर, म्हणजे तपासणीत सापडलेल्या त्रुटींच्या यादीत, लिहून जाणार की चौकशी अपुरी आहे. १५ कामाच्या दिवसांत नीट उत्तर गेलं तर पुढची कारवाई ठरवताना ते विचारात घेतात. मग ते पंधरा दिवस सगळा प्लँट घरदार विसरतो. तेवढ्यावर भागलं नाही आणि वॉर्निंग लेटर आलं, तर ते एफडीएच्या वेबसाइटवर जगजाहीर. गिऱ्हाइकं ते वाचतातच.

ट्रेनिंगमध्ये 'अल्कोआ', म्हणजे नोंदी कशा असाव्यात त्याचे पाच नियम, पाठ करून घेतलं असेल तुमच्याकडून. कुणी केलं ते कळावं, अक्षर वाचता यावं, त्याच वेळी लिहिलेलं असावं, मूळ असावं, अचूक असावं. या पाचांत छान इंग्रजी कुठे आहे सांग?

आणि ते तुझं रूट कॉज! 'ह्यूमन एरर. ऑपरेटर वॉज रिट्रेन्ड.' हे दोन शब्द वाचले की माझं डोकं फिरतं. तुझं एकट्याचं नाही, सगळ्या एमआयडीसीत हीच पळवाट आहे. व्हॉल्व्ह अडकला यात ऑपरेटरचा काय संबंध? त्याचं शेवटचं प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स कधी झालं होतं? टेम्परेचर खाली आल्यावर अलार्म का वाजला नाही? की वाजला आणि कुणी ऐकला नाही? ऑपरेटर इंग्रजीत भांडू शकत नाही, म्हणून त्याच्या नावावर ढकलायचं आणि फाइल बंद करायची. मला तरी ही भाषेची नाही, दानतीची गोष्ट वाटते. आपण ऑफिसर लोक इंग्रजीच्या आड सोयीस्कर लपतो.

आमच्याकडे ऑडिटमध्ये घडलेलं सांगतो. इन्स्पेक्टरने कम्प्रेशनच्या (गोळ्या दाबून बनवणाऱ्या विभागाच्या) एका ऑपरेटरला विचारलं, वजन लिमिटबाहेर गेलं तर तू काय करतोस? त्याने मराठीत चोख सांगितलं. मशीन थांबवतो, शेवटच्या चांगल्या तपासणीपासून आत्तापर्यंतच्या गोळ्या वेगळ्या काढतो, त्यावर लेबल लावतो, सुपरवायझरला बोलावतो. दुभाषा म्हणून उभे असलेले आमचे साहेब, कॉन्व्हेंटचे, इंग्रजी असं की ऐकत राहावं. त्यांनी भाषांतर काय केलं? 'ही ॲडजस्ट्स द मशीन ॲण्ड इन्फॉर्म्स द सुपरवायझर.' बाजूला काढलेल्या गोळ्या हवेत विरल्या! पुढचा तासभर इन्स्पेक्टर त्याच गोळ्यांच्या मागे. शेवटी एसओपी (कामाची लेखी पद्धत) आणि रिजेक्शनचा रेकॉर्ड काढून दाखवला तेव्हा सुटका झाली. ऑपरेटरला कळेचना की आपलं काय चुकलं. त्याचं काही चुकलंच नव्हतं.

हे बघताना मला ट्रेनिंगमध्ये ऐकलेला विमानाचा अपघात आठवला. २५ जानेवारी १९९०, कोलंबियाच्या ॲव्हिआन्का कंपनीचं बोगोटाहून मेडेयीनमार्गे न्यूयॉर्कला जाणारं फ्लाइट ५२. हवा खराब, म्हणून तासाभराहून जास्त वेळ आकाशात घिरट्या घालायला लावलं. इंधन संपत आलं. कॅप्टनचं इंग्रजी बेताचं, म्हणून रेडिओवर को-पायलट बोलायचा. त्याने कंट्रोलरकडे 'प्रायॉरिटी' मागितली. पहिला उतरण्याचा प्रयत्न फसल्यावर कॅप्टनने त्याला स्पॅनिशमध्ये सांगितलं, आपण इमर्जन्सीत आहोत हे त्यांना सांग. याने दिशेची सूचना परत म्हटली, पुन्हा प्रयत्न करतो म्हणाला, आणि त्याच्या शेपटीला जोडलं, इंधन संपत चाललंय. 'इमर्जन्सी' हा शब्द शेवटपर्यंत कंट्रोलरच्या कानावर गेलाच नाही. रात्रीच्या त्या गर्दीत सगळ्यांचंच इंधन कमी होत असतं. तो एक शब्द गेला असता तर बाकीची विमानं बाजूला झाली असती. लाँग आयलंडवर विमान कोसळलं, १५८ पैकी ७३ माणसं गेली. दोष एकट्या को-पायलटचा नव्हता, आधीचं नियोजन आणि विमानांची गर्दी सांभाळण्याची पद्धत यांवरही ठपका आला. पण त्याचं इंग्रजी मोडकंतोडकं होतं असं तर कुणी म्हणणार नाही. वाक्यं बरी होती, हवा तो शब्द नव्हता. पुढे आंतरराष्ट्रीय विमानसेवेत पायलट आणि कंट्रोलर यांच्या इंग्रजीला सहा पायऱ्यांची परीक्षा आली, त्यात निदान चौथी पायरी लागते. तिथेही तुमचे उच्चार साहेबासारखे आहेत का हे बघत नाहीत, समोरच्याला कळतात का एवढंच बघतात.

आपल्याकडच्या बारीकसारीक गोष्टी तुला माहीत आहेत, तरी धावतं सांगतो. तारखेत महिना अक्षरांत लिही, कारण ०४/०५ हे आपल्याला चार मे आणि अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला पाच एप्रिल. ५.० मिलिग्रॅम लिहू नको, टिंब पुसट आलं की पन्नास होतात, आणि .५ लिहायचं असेल तर पुढे शून्य दे. अमेरिकेतल्या हॉस्पिटलांसाठी 'असं लिहू नका' म्हणून जी यादी २००४ मध्ये निघाली, तिच्यात या दोन्ही गोष्टी आहेत, तेव्हा हे माझं खूळ समजू नकोस. मेलमध्ये लाख-कोटी नको.

कॉलवरचं मात्र नीट ऐक, कारण तिथे तुझी सवय घातक आहे. समोरचा बोलत असताना तू 'यस, यस' करत राहतोस. तुझ्या मनात असतं, ऐकतोय हं. त्याला वाटतं, हा कबूल झाला. शुक्रवारपर्यंत डेटा पाठवतो असं तू कधी म्हणालास ते तुलाच आठवत नाही, आणि सोमवारी त्याचा तिखट मेल. त्यापेक्षा त्याचं झालं की तूच परत म्हण, मी अमुक डेटा, अमुक बॅचचा, अमुक तारखेपर्यंत पाठवायचा, बरोबर? आणि कॉल संपल्यावर लगेच दोन ओळींचा मेल टाक. कळलं नाही तर 'प्लीज रिपीट द नंबर' म्हणायला लाजू नको. ऑडिटमध्ये माहीत नसेल तर 'आय विल चेक ॲण्ड टेल यू' म्हणून गप्प बस. 'आय थिंक', 'नॉर्मली', 'मे बी' या तिघांनी भल्याभल्यांना गोत्यात आणलंय, कारण 'नॉर्मली' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, मग ॲबनॉर्मली काय करता?

तुझं एक म्हणणं मी खोडून काढत नाही. फाडफाड बोलणाऱ्याला प्रमोशन मिळतं आणि काम येणारा शिफ्टमध्येच राहतो, हे खरं आहे, आणि ते मला अजून टोचतं. आपण झेडपीच्या शाळेतले. बी.फार्म.ला पुस्तकं इंग्रजी, शिकवणं अर्धं मराठी, आणि कंपनीत आल्यावर एकदम मीटिंगा. सहा महिने मीटिंगमध्ये तोंड उघडलं नव्हतंस म्हणालास, त्यात लाजण्यासारखं काही नाही. म्हणून बोलण्याचा सराव कर, जरूर कर. पण त्यासाठी 'माय सेल्फ'ने सुरू होणारी भाषणं पाठ करून घेणारा क्लास नको. रोज शिफ्ट संपताना आपल्याच पोरांना पाच मिनिटांचं हँडओव्हर इंग्रजीत दे. काय चालू आहे, काय थांबलंय, कशावर लक्ष ठेवायचं. पोरं हसतील, हसू देत.

आमच्याकडचे एक ऑपरेटर गेल्या वर्षी रिटायर झाले, कोकणातले. इंग्रजी बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. पण त्यांचं लॉगबुक बघ! वेळ, इक्विपमेंटचा नंबर, काय केलं, किती, सही. खाडाखोड झाली तर एक सरळ रेघ, कारण, सही, तारीख, आणि खालचा आकडा स्वच्छ वाचता येणार. एका पानावर तर 'गॅस्केट डॅमेज. स्टॉप. चेंज. स्टार्ट.' अशी क्रियापदं उघडीबागडी उभी, प्रत्येकासमोर वेळ आणि गॅस्केटचे सगळे तुकडे सापडल्याची नोंद. इन्स्पेक्टरने ते पान वाचलं, पान उलटलं, एक प्रश्न विचारला नाही. शेजारच्या विभागाच्या 'इट इज हिअरबाय सबमिटेड' छाप अहवालावर दीड तास बसला होता.

एवढ्यात जुन्या कंपनीत परत जायचा विचार करतोयस, तिथे एवढं लिहावं लागत नाही म्हणून. तर तेही डोक्यातून काढ. २०२३ च्या डिसेंबरअखेर निघालेल्या सुधारित शेड्यूल एमनंतर (औषध कारखान्यांसाठीचे सरकारी नियम) देशी बाजाराचा माल करणाऱ्या छोट्या कारखान्यांनाही डेव्हिएशन, चौकशी, कापा (चूक दुरुस्त करणं आणि ती पुन्हा होऊ नये याचे उपाय) हे सगळं आलंच आहे.

तर तो मसुदा मराठीत लिहून मला मंगळवारपर्यंत पाठव, बुधवारी माझी सुट्टी आहे, सकाळी फोनवर दोघं मिळून इंग्रजीत उतरवू. मॅडमना उलट मेल लिहू नको. समोर जाऊन विचार, तुम्हाला यात कुठला प्रश्न अनुत्तरित वाटतो? व्हॉल्व्हच्या प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सचा रेकॉर्ड मेंटेनन्सकडून आजच मागून घे, नंतर देत नाहीत ते.

काकूंच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली की कळव, सुट्टी आधी टाकावी लागते. वहिनींना नमस्कार, चिंगीला पापा. आणि त्या क्लासवाल्याला सांग, पुढच्या महिन्यात बघू.

तुझाच,
राजा

ता. क. फोनवर एलओडी नुसता २.१ म्हणालास, लिहिताना टक्के लिहायला विसरू नको.