समुद्रापार काय जाते आणि काय मागे राहते

पुणे

प्रिय वसुधा,

सप्रेम नमस्कार.

तुझे मोठे पत्र पोचले. लंडनमधल्या ज्या नायजेरियन आणि घानी बायका तुला सभांमधून आणि कचेऱ्यांमधून इतक्या ठामपणे बोलताना दिसतात, त्या हे धैर्य इंग्लंडात येऊन शिकल्या असाव्यात आणि मायदेशीच राहिल्या असत्या तर परंपरेखाली दबून गेल्या असत्या, असा तुझा तर्क आहे. तो मला पटत नाही. का पटत नाही हे नीट मांडायचे तर पत्र लांबेल, त्याला इलाज नाही. माझे म्हणणे असे की माणसे देश सोडतात तेव्हा संस्कृती त्यांच्याबरोबर अख्खी जात नाही. तिचे काही भाग जातात, काही मागे राहतात, आणि कोणते गेले व कोणते राहिले यावर बाईचे पुढचे आयुष्य ठरते. नवऱ्याचा अधिकार सामानाबरोबर सहज पोचतो. त्या अधिकाराला वेसण घालणारी बायकांची सभा मात्र गावातच राहते, कारण ती एकट्या बाईच्या ट्रंकेत मावणारी गोष्ट नसते.

आग्नेय नायजेरियातल्या इग्बो समाजापासून सुरुवात करते. तिथे मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी जाते, पण जन्मकुळातले तिचे स्थान संपत नाही. एका कुळात जन्मलेल्या सगळ्या मुलींचा मिळून एक गट असतो, त्याला उमुआदा म्हणतात. आपल्या माहेरवाशिणीच म्हण, फरक इतकाच की या माहेरी लाड करून घ्यायला येत नाहीत, निवाडा करायला येतात. भावाभावांतले तंटे त्या सोडवतात, अंत्यविधीत त्यांचा मान असतो, आणि त्यांचा शब्द मोडायला पुरुष बिचकतात. शिवाय सासरच्या गावात लग्न होऊन आलेल्या बायकांची निराळी सभा असे, आणि बाजाराचे नियम ती ठरवी. एखाद्याने बायकोला फार छळले, बाजाराचा नियम मोडला किंवा आपली गुरे बायकांच्या पिकात वारंवार घातली, तर सगळ्या जणी मिळून त्याच्या अंगणात जात, त्याच्या दुष्कृत्यांची गाणी म्हणत नाचत, कंद कुटायच्या मुसळांनी भिंती बडवत, प्रसंगी घराची मोडतोड करत, आणि तो वठणीवर येईपर्यंत हलत नसत. या प्रकाराला ‘पुरुषावर बसणे’ असेच नाव होते.

ब्रिटिश आले तेव्हा त्यांना या सभा दिसल्याच नाहीत. त्यांनी गावोगावी पुरुष निवडून त्यांना ‘वॉरंट चीफ’ केले आणि न्यायदान, करवसुली सगळे त्यांच्या हाती दिले. पुरुषांवर कर १९२८ साली बसला होता; १९२९ मध्ये पाम तेलाचे भाव उतरले होते; अशात नोव्हेंबरमध्ये ओलोको गावी चीफने पाठवलेला एक मोजणीदार न्वान्येरुवा नावाच्या बाईच्या अंगणात येऊन माणसे, शेळ्या, मेंढ्या मोजायला लागला. आता बायकांवरही कर बसणार, हे तिने ओळखले. तुझ्या आईला कोणी मोजले होते का, असे तिने त्याला उलट विचारले आणि ती थेट बाजारात जमलेल्या बायकांकडे गेली. पुढच्या काही आठवड्यांत हजारो बायका रस्त्यावर आल्या. त्यांनी चीफवर ‘बसण्या’चे जुनेच हत्यार सबंध प्रांतभर चालवले, नेटिव्ह कोर्टे जाळली, कैदी सोडवले. सैन्याने केलेल्या गोळीबारात पन्नासहून अधिक बायका मेल्या. सरकारी दप्तरात याची नोंद ‘आबा येथील दंगे’ अशी झाली. इग्बो बायका त्याला आजही आपले युद्ध म्हणतात. वसुधा, यातल्या फारच थोड्या जणींना वाचता येत होते, आणि इंग्लंड तर त्यांनी पाहिलेच नव्हते.

पश्चिमेकडच्या अबेओकुटा शहरातल्या फुनमिलायो रॅन्सम-कुटी यांनी मात्र इंग्लंड पाहिले होते. त्या तिथेच शिकल्या. परत आल्यावर त्यांनी शिकलेल्या बायकांचे मंडळ बाजारातल्या बायकांना जोडून घेतले, सभांत तिथली योरुबा भाषा बोलायला आणि योरुबा पोशाख करायला सुरुवात केली, आणि बायकांवरच्या वेगळ्या करासाठी थेट तिथल्या राजाला, अलाकेला, जबाबदार धरले. राजवाड्यापुढे दिवसरात्र ठिय्या देऊन बायकांनी त्याच्या निंदेची गाणी म्हटली आणि जानेवारी १९४९ मध्ये त्याला गादी सोडावी लागली. दोन वर्षांच्या आत तो परतला, हेही सांगितले पाहिजे. पण तुझ्या मुद्द्यासाठी याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे: १९४७ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या तेव्हा तिथल्या एका वृत्तपत्रातून त्यांनी ब्रिटिश वाचकांना सुनावले की ब्रिटिश येण्यापूर्वी आमच्या बायकांची स्थिती अधिक बरी होती. यात थोडी अतिशयोक्ती असेल. तरीही कोण कोणाला शिकवत होते, ते तूच ठरव.

आता तुझ्या शहराकडे येते. कादंबरीकार बुची एमेचेटा यांचे नाव तू ऐकले असशीलच. त्या १९४४ साली लागोसमध्ये इग्बो आईवडिलांच्या पोटी जन्मल्या. मूळ गाव इबुसा. गावी आत्याबाई चांदण्यात मुलांना गोल बसवून कुळाच्या कथा सांगत, आणि आपणही कथा सांगायची हे त्यांनी तिथेच ठरवले. सोळाव्या वर्षी लग्न, १९६२ मध्ये नवऱ्यापाठोपाठ लंडन, आणि बाविसाव्या वर्षापर्यंत पाच मुले. ग्रंथालयात नोकरी करून घर त्याच चालवत होत्या. भाड्याच्या खोल्यांवर काळ्यांना जागा नाही अशा पाट्या असत आणि त्या बेकायदाही नव्हत्या, कारण घरांच्या बाबतीतला वर्णभेद कायद्याने बंद झाला तो १९६८ मध्ये. त्यांनी पहिली कादंबरी लिहिली आणि नवऱ्याने तिचे हस्तलिखित जाळले. त्या मुले घेऊन बाहेर पडल्या, समाजशास्त्राची पदवी घेतली आणि जळालेली कादंबरी पुन्हा लिहून काढली.

या आयुष्यावर बेतलेल्या ‘सेकंड-क्लास सिटिझन’ या १९७४ च्या कादंबरीचा शेवट मला फार बोलका वाटतो. मारहाणीबद्दल आणि मुलांच्या पोटगीबद्दल प्रकरण कोर्टात जाते तेव्हा नवरा म्हणतो की आमचे लग्नच झाले नव्हते, लग्नाचे कागद त्याने आधीच जाळून टाकलेले असतात, आणि मुले दत्तक दिली तरी आपली हरकत नाही असेही तो सांगतो. इग्बो रीतीने मुले बापाच्या कुळाची. म्हणजे घरात हुकूम चालवायचा तेव्हा त्याला इबुसाची रीत आठवते आणि खर्च द्यायची वेळ आली की इंग्लंडचा कायदा आठवतो. इबुसात त्याच्या अंगणात बायका जमल्या असत्या. उत्तर लंडनमधल्या भाड्याच्या खोलीत भिंत बडवायला दुसरे कोणीही नव्हते. आपण ‘फेमिनिस्ट’ आहोत, पण त्यातला एफ लहान लिपीतला, असे एमेचेटा म्हणत. त्यांना अनेक टीकाकारांनी आफ्रिकी पुरुषांची बदनामी करणारी ठरवले. मला ही टीका अन्यायाची वाटते. त्यांनी संस्कृतीवर आरोप केला नव्हता. तिची अर्धीच बाजू बोटीतून उतरली, एवढेच दाखवले होते.

मग उरलेली अर्धी बाजू परक्या शहरात नव्याने उभारावी लागली. ब्रिक्स्टनमध्ये १९७३ पासून काळ्या स्त्रियांचा एक गट काम करत होता. १९७८ मध्ये ओवाड ही देशव्यापी संघटना निघाली. ती आधी आफ्रिकी आणि आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांपुरती होती, लवकरच आशियाई वंशाच्या स्त्रियाही तिच्यात आल्या. याचा आपल्याशी थेट संबंध आहे. लग्नासाठी इंग्लंडात आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची हीथ्रो विमानतळावर कौमार्यचाचणी केली गेली, ती बातमी १९७९ च्या फेब्रुवारीत फुटली, आणि तिच्यासाठी हीथ्रोवर जाऊन ठिय्या देणाऱ्यांत ओवाडच्या बायका होत्या. त्यांना ओलोको ठाऊक होते की नाही, कोण जाणे. पण अंगणात जाऊन बसण्याची ही रीत मला ओळखीची वाटते. चार-पाच वर्षांतच आफ्रिकी-आशियाई मतभेदांनी आणि समलिंगी स्त्रियांच्या प्रश्नावरच्या वादाने संघटना मोडली. दुःख याचे वाटते. आश्चर्य वाटत नाही.

इथे तू मला अडवशील, आणि अडवावेसही. बायकांच्या या जुन्या संस्था काय सगळ्या गोमट्या होत्या? मुळीच नाही. त्याच उमुआदा भाऊ वारला की भावजयीवर वैधव्याचे क्रूर विधी लादतात, याबद्दल नायजेरियातल्या बायकांनीच भरपूर लिहिले आहे. नणंद-भावजयीचे हे नाते तुला-मला समजावून सांगायला नको. आणि मुलींच्या जननेंद्रियांचे छेदन ही प्रथा तर बायकांच्याच हातून चालली आणि कुटुंबांबरोबर लंडनपर्यंत पोचली. म्हणजे पुरुषाचा अधिकार तेवढा प्रवास करतो, हे माझे वाक्यही अपुरेच आहे. घानात जन्मलेल्या एफुआ डोरकेनू लंडनमध्ये परिचारिका होत्या. त्यांनी १९८३ मध्ये फॉरवर्ड ही संस्था काढली, आणि दोनच वर्षांत ब्रिटनमध्ये या प्रथेविरुद्ध कायदा झाला. आमच्या संस्कृतीत लुडबुड नको म्हणणारे एकीकडे आणि आफ्रिकी बाईकडे केवळ कीव म्हणून पाहणारे गोरे दुसरीकडे, अशा दोघांशी त्या जन्मभर भांडल्या. आफ्रिकी स्त्रीवादाची खरी जागा मला या दुहेरी भांडणात दिसते. गाण्यांमधून आणि भाषणांच्या चित्रफितींमधून तो अलीकडे जगभर पोचला, ते चांगलेच झाले, पण त्यात हे भांडण फारसे ऐकू येत नाही.

याच्या अगदी उलट गोष्ट ब्राझीलमध्ये घडली. तिथे सुमारे पन्नास लाख माणसे गुलाम म्हणून नेली गेली आणि गुलामी संपली ती थेट १८८८ मध्ये. साल्व्हादोर शहरातल्या गुलाम बायका रस्त्यावर खाद्यपदार्थ, फळे, कापड विकत. कमाईचा ठरलेला वाटा मालकाला देऊन उरलेल्या पैशातून कित्येकींनी स्वतःची सुटका विकत घेतली. पश्चिम आफ्रिकेतल्या बाजाराचे कसब इथे कामी आले. कांदोम्ब्ले या आफ्रिकी मुळाच्या उपासनेची मोठी केंद्रे याच बायकांनी उभी केली. कासा ब्रांका हे त्यांतले फार जुने. तिथे प्रमुखपद बाईकडेच असते, आणि ब्राझील सरकारने १९८४ मध्ये त्याला राष्ट्रीय वारशाचा दर्जा दिला. गुलामीने कुळे आणि गावे मोडली, म्हणून पुरुषाचा कुळाधिकार समुद्रात बुडाला, आणि बायकांचा बाजार व देव्हारा तेवढा टिकला, असे मी म्हणेन. मात्र हे चित्र फार गोड करू नये; मुक्त झालेल्या काही आफ्रिकी बायका पुढे स्वतःही गुलाम बाळगत असत.

ब्राझीलच्या काळ्या स्त्रीवादी विचारवंत लेलिया गोंझालेझ यांनी या वारशातून राजकारण घडवले. गोऱ्या घरात मुलांना सांभाळणाऱ्या काळ्या दाईने ब्राझीलला बोलायला शिकवले, गोष्टी सांगितल्या, तेव्हा या देशाची आई तीच, असा त्यांचा दावा होता, आणि तो ऐकून गोऱ्या स्त्रीवादी मैत्रिणीही अस्वस्थ झाल्या. सुएली कार्नेरो यांनी १९८८ मध्ये साओ पावलोत काळ्या स्त्रियांची जी संस्था स्थापली, तिचे नावच मातांच्या सामर्थ्याला वंदन करणाऱ्या गेलेदे या योरुबा मुखवटानृत्यावरून ठेवलेले आहे.

आफ्रिकेचा असा विखुरलेला अंश आपल्याजवळही आहे. उत्तर कन्नडच्या जंगलातले सिद्दी, ज्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणले होते, कोकणी आणि मराठीही बोलतात. तिथल्या बायका जुन्या कपड्यांच्या सुंदर गोधड्या शिवतात आणि परदेशी अभ्यासक त्यांत आफ्रिका शोधतात. असेलही. पण आपल्या आज्याही अशाच गोधड्या शिवत, तेव्हा या बाबतीत मी जरा हात आखडताच ठेवते.

एक काम तुझ्यावर टाकते. इंग्लंड-अमेरिकेत इग्बो बायकांनी अलीकडे उमुआदा याच नावाने मंडळे काढली आहेत. तुझ्या ओळखीत कोणी असेल तर एवढे विचारून घे: तिथे एखाद्या सभासदाचा भाऊ वारला आणि घरासाठी भांडण लागले, तर मंडळ कोणाच्या बाजूने उभे राहते, माहेरच्या की भावजयीच्या? उत्तर काहीही आले तरी मला सविस्तर कळव.

तुझी,
माधवी