गॉडझिला तो की ती?

महोदय,

जपानी चित्रपटांतला महाकाय काल्पनिक प्राणी गॉडझिला नर की मादी, या वादाचे मूळ बरेचसे भाषेत आहे. 1954 च्या मूळ जपानी चित्रपटातले ‘गोजिरा’ हे नाव गोरिला आणि ‘कुजिरा’ म्हणजे देवमासा यांच्या जोडणीतून आले. जपानी नामांना लिंग नसते, सर्वनामही सहज गाळता येते. इंग्रजीत मात्र ‘तो’ रूढ झाला आणि पुढे सगळे गृहीतच धरून बसले.

1967 च्या चित्रपटातल्या गॉडझिलाच्या पिल्लाचा दाखला इथे फारसा कामाचा नाही. ते अंड्यातून निघते खरे, पण अंडे कोणी घातले हे दाखवलेलेच नाही.

खरा घोळ 1998 च्या अमेरिकी चित्रपटात आहे. रक्तावर गर्भचाचणी होते, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोनशेवर अंडी सापडतात, तरी उल्लेख ‘तो’ असाच! नराविना पिल्ले होणे अशक्य नाही. कोमोडो ड्रॅगन या मोठ्या सरपटणाऱ्या प्राण्याच्या बाबतीत ते 2006 मध्ये इंग्लंडच्या चेस्टर प्राणिसंग्रहालयात दिसले. पण अंडी घालणारी मादीच असते. तिची लिंगगुणसूत्रे, म्हणजे लिंग ठरवणारी गुणसूत्रे, झेड आणि डब्ल्यू; नराची दोन्ही झेड. अंड्यात यातले एकच येते; फलनाविना तेच दुप्पट होताना झेड-झेड किंवा डब्ल्यू-डब्ल्यू जोडी बनते. दुसरी जगत नाही, म्हणून पिल्ले सगळी नर. तो नियम लावला तर न्यूयॉर्कमधली ती पिल्ले ‘तो’ आणि आई ‘ती’.

कोमोडो ड्रॅगन आपल्या घोरपडीच्याच कुळातला. मराठीत नर असला तरी ती घोरपडच, आणि मादी असली तरी तो सरडाच!

– एक वाचक, पुणे