रविवारच्या बैठकीआधी एक आठवण

सर्व सभासदांना नमस्कार.

रविवारी आपण आशियातली पारंपरिक चिन्हं ऑप आर्टच्या (रेषा आणि आकारांनी डोळ्यांना हालचाल किंवा फुगवटा भासवणाऱ्या कलेच्या) पद्धतीने काढणार आहोत. कृपया चिन्ह घरीच ठरवून, पेन्सिलीचा कच्चा आराखडा घेऊन या. मागच्या वेळी निम्मा वेळ निवडण्यातच गेला.

यिन-यांग (काळ्या-पांढऱ्या दोन भागांचं गोल चिनी चिन्ह) घेणाऱ्यांसाठी: बाहेरच्या वर्तुळाचा व्यास १६ सेंमी असेल, तर मधली नागमोडी रेषा ८ सेंमी व्यासाच्या दोन अर्धवर्तुळांची होते. दोन्ही भाग सपाट रंगवू नका. एकात आडव्या पट्ट्या, दुसऱ्यात उभ्या. मध्याशी ५ मिमी असलेली पट्टी कडेला १ मिमीवर आणा. ती नीट उतरली की कागद फुगल्यासारखा दिसतो आणि तो क्षण खरंच सुंदर असतो! जपानी सेइगाइहा लाटांमध्ये समकेंद्री कमानी मुळातच आहेत, तिथे फक्त रेषांची जाडी खेळवायची.

श्रीयंत्र नवख्यांनी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नऊ मोठे त्रिकोण एकमेकांत गुंतून ४३ लहान त्रिकोण होतात. एक छेदनबिंदू सरकला की सगळंच बिघडतं. शिवाय ते पूजेचं यंत्र आहे, नुसती नक्षी नव्हे. काढणाऱ्यांनी त्याचा मान राखावा.

ऑप आर्टमधल्या ब्रिटिश चित्रकार ब्रिजेट रायली यांची १९६० च्या दशकातली काळी-पांढरी चित्रं जमल्यास पाहून या. कंपास, पट्टी आणि दोन जाडींची काळी पेनं आणा, रंग नकोत.

दाट पट्ट्यांमुळे काहींची अर्धशिशी उठते. अपस्माराचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं आणि मलाही जरूर कळवावं.