चिन्मयला आत्ताच दाखवू या

इंदूर,
रंगपंचमीचा दुसरा दिवस

प्रिय सुध्या,

काल गेरच्या (रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या) गोंगाटात तुझं अर्धंच ऐकू आलं, म्हणून लिहितोय. ‘परीक्षेचं टेन्शन असेल’ म्हणालास. असेलही. पण रविवारी तुझा चिन्मय जेवायला आला होता. भंवरकुव्यावरच्या खोलीत रात्रभर जागतो, दिवसा झोपतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर त्याने चिकटपट्टी लावलीय, शेजारच्या खोलीतली मुलं आपल्याबद्दलच बोलतात म्हणतो. क्लास तर महिनाभर बुडालाय. टेन्शनने माणूस चिडतो रे, असा संशयी होत नाही.

तुला दत्तूकाकांच्या आजाराची धास्ती आहे, मला ठाऊक आहे. स्किझोफ्रेनिया शंभरातल्या साधारण एकाला होतो; आई किंवा वडिलांना असेल तर शंभरात दहांच्या आसपास. चुलतआजोबांचा वाटा त्याहून पुष्कळ कमी. तरी डॉक्टरांपासून काका लपवू नकोस. मला जास्त काळजी त्याच्या गांजाची वाटते. कोवळ्या वयात, रोज आणि कडक माल ओढला तर सायकोसिसचा, म्हणजे भास-संशयाने वास्तवाचं भान सुटण्याचा, धोका खरोखर वाढतो. ‘आपण होळीला भांग प्यायलो, काय झालं?’ हे त्याच्यासमोर तरी बोलू नकोस. (इथे भांगेचे ठेकेच सरकारी परवान्याचे, त्यामुळे कुणाला ती नशा वाटतच नाही.)

डॉक्टरकडे नेलं म्हणजे वेडाचा शिक्का बसला, असं नाही. अशी सुरुवातीची लक्षणं दिसणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांना पुढे पुरता आजार होतच नाही. दोन-तीन वर्षांत साधारण चार-पाचातल्या एकाला होतो. या टप्प्यावर बरेचदा झोप सुधारणं, गांजा सोडवणं, समुपदेशन आणि लक्ष ठेवणं यावरच भर असतो. पण आजार सुरू झालाच असेल, तर उपचाराविना जितके महिने जातील तितकं सावरणं अवघड. दत्तूकाकांची किती वर्षं मागच्या खोलीत गेली, आठव.

वहिनींना गाणगापूरला न्यायचंय तर जरूर न्या, डॉक्टरांना दाखवून झाल्यावर. त्याला फसवून मात्र नेऊ नका. फोनवर कुणी पाळत ठेवतंय की नाही, यावर वाद घालू नकोस, होकारही भरू नकोस. ‘तुला झोप नाही, भीती वाटतेय, त्यावर औषध बघू’ एवढंच म्हण. तो मरणाबिरणाचं बोलला तर सोमवारची वाट बघायची नाही, त्याला एकटं न सोडता थेट इस्पितळ गाठायचं. अडलंच तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर रात्रंदिवस चालू असतो, फुकट.

बाणगंगेच्या मनोरुग्णालयाचं नाव काढलं की तू बिचकशील, म्हणून खाजगी डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतोय. शनिवारच्या गाडीने ये. काकांचं नेमकं कितव्या वर्षी सुरू झालं, ते आत्याला विचारून ये, डॉक्टर विचारतीलच.

तुझा,
मोहन