दुसऱ्यांदा पकडलेला मद्यपी चालक ‘पहिलाच’ कसा ठरतो?

महोदय,

गटारी अमावास्या किंवा ३१ डिसेंबर उलटला की नाकाबंदीत किती मद्यपी वाहनचालक सापडले याचे आकडे वृत्तपत्रांत येतात आणि पाठोपाठ दंड आणखी वाढवण्याची मागणीही होते. त्यांपैकी किती जण याच गुन्ह्यात पूर्वी दोषी ठरले होते, हे मात्र त्या आकड्यांत सहसा नसते. दंडाधिकारी न्यायालयाच्या कार्यालयात नोकरी केलेल्या माझ्यासारख्याला ही उणीव दंडाच्या रकमेहून गंभीर वाटते, कारण कायद्याने खरा कठोरपणा राखून ठेवला आहे तो याच मंडळींसाठी.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल आढळल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, तर दुसऱ्या आणि त्यापुढील प्रत्येक गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास, १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी दंडाची कमाल मर्यादा अनुक्रमे २,००० आणि ३,००० रुपये होती, शिवाय दुसरा गुन्हा पहिल्यानंतर तीन वर्षांच्या आत घडला तरच वाढीव शिक्षा लागू होत असे. ती तीन वर्षांची अट आता वगळण्यात आली आहे. दंडवाढीची चर्चा भरपूर झाली; या बदलाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

त्याहून दुर्लक्षित राहिले आहे ते कलम २२ चे दुसरे पोटकलम. कलम १८५ खाली पूर्वी दोषी ठरलेली व्यक्ती त्याच कलमाखाली पुन्हा दोषी ठरली, तर न्यायालयाने तिचा वाहनचालक परवाना रद्द केलाच पाहिजे, असे ते सांगते. येथे न्यायालयाला विवेकाधिकार ठेवलेला नाही. कारावास द्यावा की केवळ दंड, हा निर्णय न्यायाधीशांचा असला तरी परवाना रद्द करणे बंधनकारक आहे. असा परवाना न्यायालयाने ताब्यात घ्यावा, त्यावर तशी नोंद करावी आणि तो ज्या प्राधिकाऱ्याने दिला त्याच्याकडे पाठवावा, इथपर्यंतची कार्यपद्धती कायद्यातच लिहिलेली आहे. (मोबाईलमधील परवाना ताब्यात कसा घ्यायचा, हा प्रश्न १९८८ साली कोणाच्या मनात येणे शक्य नव्हते.)

हे सारे अमलात यायचे तर समोर उभा असलेला आरोपी पूर्वी दोषी ठरला आहे, हे न्यायालयाला कळले पाहिजे आणि घोडे तेथेच अडते. हा गुन्हा जागेवर ई-चलन भरून मिटत नाही, तो न्यायालयातच जातो. परंतु अशी प्रकरणे एकेका दिवशी मोठ्या संख्येने येतात, बहुतेक आरोपी गुन्हा कबूल करतात आणि दंड, फार तर त्याच्या जोडीला न्यायालय उठेपर्यंतची शिक्षा, घेऊन घरी जातात. पूर्वीच्या दोषसिद्धीमुळे वाढीव शिक्षा मागायची असेल तर ती दोषसिद्धी न्यायालयापुढे मांडून सिद्ध करावी लागते. आरोपी ती आपणहून सांगणार नाही, आणि पोलिसांच्या कागदपत्रांत तिचा उल्लेख नसेल तर न्यायाधीशांनी तरी ती कोठून शोधावी? पहिला खटला ठाण्यात आणि दुसरा नाशिकमध्ये असेल तर विचारायलाच नको. पहिला खटला प्रलंबित असतानाच तोच माणूस पुन्हा पकडला गेला, तर कलम २२ ला हवी असलेली दोषसिद्धी अद्याप झालेलीच नसते. त्यामुळे तारखा लांबवत राहणाऱ्याचा परवाना शाबूत राहू शकतो आणि पहिल्याच दिवशी गुन्हा कबूल करणारा मात्र पुढच्या वेळी अडकतो.

दंडाबद्दल थोडेच लिहितो. पहिल्या आणि दुसऱ्या गुन्ह्याच्या दंडात ५,००० रुपयांचे अंतर आहे, आणि महागड्या मोटारीतून फिरणाऱ्याला ते जाणवतही नसेल. गाडी चालवण्याचा अधिकार जाणे मात्र त्यालाही जाणवेल. २००६ साली वांद्र्याच्या कार्टर रोडवर मद्यधुंद चालकाच्या मोटारीखाली पदपथावर झोपलेले सात मजूर ठार झाले, आणि त्या खटल्यातील तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयात कायम व्हायला २०१२ उजाडले. कलम २२ चे काम माणसे मरण्याआधीचे आहे.

परवान्यांची माहिती ‘सारथी’ या संगणकीय प्रणालीत आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीने वाहनचालक परवान्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीचीही तरतूद केली आहे. तेव्हा कलम १८५ च्या प्रत्येक निकालाची नोंद आरोपीच्या परवाना क्रमांकावर ठरावीक दिवसांत चढावी आणि नवे प्रकरण न्यायालयात पाठवताना त्या क्रमांकाचा पूर्वेतिहास पोलिसांनी सोबत जोडावा. जोडलेला नसेल तर सरकारी वकिलांनी आरोपीची कबुली नोंदवली जाण्यापूर्वीच तो मागवून घ्यावा, कारण शिक्षा सुनावली गेल्यावर तो कागद हाती येऊन काही उपयोग नाही. यासाठी विधिमंडळाची वाट पाहण्याचे कारण नाही. परिवहन आयुक्त, पोलीस महासंचालक आणि अभियोग संचालनालय यांनी एकत्र बसून परिपत्रक काढावे, आणि एकाच परवान्यावर दोन खटले प्रलंबित असतील तर जुना आधी निकाली काढण्याची विनंती न्यायालयाला करण्याची सूचनाही त्यात असावी.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, ठाणे