टिप्पणी माणसाची की यंत्राची?

समाजमाध्यमांवरील छुप्या जाहिरातींविषयीचा आपला अग्रलेख पटला. मात्र यंत्राने टाकलेल्या प्रतिक्रियांचा मुद्दा त्यातून निसटला. गेल्या आठवड्यात सीताबर्डीतल्या एका नव्या भोजनालयाची चित्रफीत पाहिली. खालच्या प्रतिक्रियांपैकी अकरा शब्दशः सारख्या : 'सावजी रस्सा अप्रतीम, नक्की भेट द्या.' 'अप्रतिम'ची चूकही सगळीकडे तीच. सहकुटुंब गेल्यावर कळले, तिथे सावजी रस्सा मिळतच नाही.

मोबदला घेऊन शिफारस करणाऱ्याने तसे ठळकपणे सांगावे, असे केंद्राच्या जानेवारी २०२३ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंडही आहे. पण ऑनलाइन अभिप्रायांसाठीचे भारतीय मानक ब्यूरोचे 'आयएस १९०००:२०२२' हे मानक आले ते ऐच्छिक म्हणून. म्हणजे जाहिरात उघड करायची, आणि तिच्याखाली जमवलेली खोटी गर्दी मोकाट! लोक याच गर्दीकडे पाहून दवाखाना आणि शिकवणी वर्गही निवडतात, हे जास्त गंभीर आहे. हे मानक सक्तीचे करून पोस्टखालच्या प्रतिक्रियांनाही लावावे आणि यंत्राच्या प्रतिक्रियेशेजारीच तसा उल्लेख दिसावा.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर