मुक्काम बासेलचा, खोली फ्रान्समध्ये

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख

विषय: बासेल येथील मुक्काम न दिल्याबद्दल तक्रार व परताव्याची मागणी

महोदय,

आपल्या युरोप सहलीच्या माहितीपत्रकात ‘ऱ्हाइनकाठच्या ऐतिहासिक बासेलमध्ये मुक्काम’ असे ठळक छापले आहे. प्रत्यक्षात आम्हाला उतरवले ते स्वित्झर्लंडच्या हद्दीपलीकडे, फ्रान्समधल्या सँ-लुई गावात. जाब विचारला तर आपले टूर मॅनेजर म्हणाले, “काका, तीन देश इथे एकमेकांना खेटून आहेत. काय फरक पडतो?”

पडतो. बासेल शहरातल्या हॉटेलात उतरणाऱ्यांना बासेलकार्ड मिळते. त्यावर ट्राम आणि बस फुकट, संग्रहालयांचे तिकीट निम्म्या दरात. फ्रान्सच्या बाजूला राहणाऱ्याला ते कोण देणार? 3 नंबरच्या ट्रामची तिकिटे आम्ही पदरमोड करून काढली. त्यात हॉटेलात युरो आणि शहरात फ्रँक, म्हणजे पैसे बदलण्यातला तोटाही आमच्याच माथी.

शहर दाखवले तेही सोमवारी. सोमवारी तिथले कुन्स्टम्युझियम, म्हणजे कलासंग्रहालय, बंद असते. हे आमच्यासारख्या नवख्याला माहीत नसेल, आपल्याला असायला हवे. शहराने 1661 साली विकत घेतलेल्या आमरबाख घराण्याच्या संग्रहातून हे संग्रहालय उभे राहिले. माझी पत्नी चित्रकलेची निवृत्त शिक्षिका. होल्बाइनची मूळ चित्रे बघायला मिळतील म्हणून तिने हीच सहल धरली, आणि हाती लागले बंद दार.

लाल दगडाचे म्युन्स्टर चर्च बाहेरूनच उरकले. आत थोर विद्वान इरॅस्मसची कबर आहे, याचा उल्लेखसुद्धा नाही! चर्चमागच्या गच्चीवरून खाली ऱ्हाइन दिसते. तिथली फेरीबोट बिनइंजिनाची. नदीवर आडव्या ताणलेल्या तारेला बांधलेली असते, नावाडी सुकाणू वळवतो आणि प्रवाहाच्याच जोरावर पलीकडे लागते. ही फेरी आपल्या कार्यक्रमपत्रिकेत छापलेली होती. आम्ही पायऱ्या उतरू लागलो तोच “बस निघतेय” म्हणून हाका सुरू झाल्या.

टूर मॅनेजर वागायला सज्जन होते. तक्रार त्यांच्याविरुद्ध नाही, छापून न पाळलेल्या शब्दाविरुद्ध आहे.

बासेल व सँ-लुई येथील हॉटेलदरांतला फरक, ट्रामभाडे आणि न घडवलेल्या फेरीचे पैसे परत करावेत. पुढच्या सहलीवरची सवलत नको. माहितीपत्रक, हॉटेलची पावती व तिकिटांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

आपला,
एक सहप्रवासी ग्राहक, पुणे